बीजांत वृक्ष असतो काय?

गेल्या श्रावणांत माझी पुतणी, तिचे यजमान व आमच्या थोरल्या वहिनी नेरूळहून आमच्या वाशीच्या घरीं आलीं, तेव्हां पुतणीच्या पिशवींत एक छापील कागद होता. या दांपत्यास सात वर्षांची मुलगी आहे. ती ज्या उपचारानें झाली त्यांत शरीराबाहेर सिद्ध झालेल्या भ्रूणांपैकीं तीन शिल्लक राहिले. ते एका केंद्रांत द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यांत ठेवलेले असून वर्षाचें भाडें भरण्याचा दिवस जवळ आला कीं हा कागद घरीं येतो. आणखी एक वर्ष ठेवावयाचे, नष्ट होऊं द्यावयाचे, कीं संशोधनासाठीं द्यावयाचे, असें त्यांत विचारलेलें असतें. २०२१ च्या कायद्यानें असे भ्रूण दहा वर्षांपेक्षां अधिक काळ ठेवतां येत नाहींत. मुदत सरल्यावर ते नष्ट होऊं द्यावे लागतात, अथवा संबंधितांच्या संमतीनें एखाद्या नोंदणीकृत संशोधनसंस्थेस द्यावे लागतात. यंदां प्रश्न टाळतां येईल, दोन वर्षांनीं टाळतां यावयाचा नाहीं, अशी परिस्थिति होती.

आमचे जांवई अभियंते आहेत व त्यांचें मत ठरलेलें होतें. "ते तिथें नुसते पडून आहेत. संशोधनाला दिले तर कोणाच्या उपयोगीं तरी पडतील," असें ते म्हणाले. वहिनींनीं चहाची बशी खालीं ठेवली. "पडून आहेत म्हणे! अख्खा माणूस असतो त्यांत. माणसाचा काय उपयोग करतां?" पुतणी या दोघांकडेही न पाहतां मला म्हणाली, "काका, तुम्ही इतकीं वर्षें जीवशास्त्र शिकवलेंत. तिथें नेल्यावर त्यांचें नेमकें काय करतात तेवढें मला सांगा."

त्या दिवशीं मला नीटसें सांगतां आलें नाहीं. पुढें कांहीं आठवडे मीं या विषयावरील नवें वाङ्मय मिळवून वाचलें, आणि वाचतां वाचतां असें वाटूं लागलें कीं माझ्या घरांतील तो वाद पुष्कळ जुना आहे. छांदोग्योपनिषदांतील उद्दालक आपल्या पुत्राला वटवृक्षाचें फळ फोडावयास लावतो, मग त्यांतील बीं फोडावयास लावतो, व आंत काय दिसतें म्हणून विचारतो. श्वेतकेतूस कांहीं दिसत नाहीं. त्या न दिसणाऱ्या अणुत्वांतच हा एवढा वृक्ष उभा आहे असें पिता त्याला सांगतो. सांख्यांनीं पुढें याच विचाराला शास्त्राचें रूप दिलें. तेल तिळांतून निघतें, वाळूंतून निघत नाहीं, त्याअर्थीं कार्य हें कारणांत आधींपासूनच असलें पाहिजे, हा त्यांचा सत्कार्यवाद. नैयायिकांना हें मान्य नव्हतें. मातींत घट आधींच असेल तर कुंभार कशाला हवा, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. आमच्या वहिनी सांख्यमताच्या आणि जांवईबापू नैयायिक, हें दोघांपैकीं एकालाही ठाऊक नव्हतें इतकेंच.

आतां आधुनिक शास्त्रानें ते बीं पुन्हां फोडून पाहिलें आहे, आणि त्यांत त्याला पुष्कळच दिसलें. मनुष्याच्या पेशींत सुमारें तीन अब्ज अक्षरांचा एक लेख असतो. त्यास जनुकसंच म्हणतात. शरीर घडविण्यास लागणाऱ्या सर्व प्रथिनांचे पाठ त्यांत आहेत. म्हणजे वहिनींचें म्हणणें खरें ठरलें काय? अक्षरशः पाहतां खरें ठरलें. परंतु तें इतकें खरें ठरलें कीं त्यांतला सर्व जोर निघून गेला. कारण हाच संपूर्ण लेख हा मजकूर लिहिणाऱ्या बोटाच्या कातडीच्या पेशींतही आहे. २००६ मध्यें शिन्या यामानाका यांनीं उंदराच्या कातडीच्या पेशींस चार जनुकांच्या साह्यानें मूलपेशींसारख्या अवस्थेस परत नेलें. पुढील वर्षीं तेंच मनुष्याच्या पेशींवर साधलें, आणि २०१२ चें नोबेल पारितोषिक त्यांस जॉन गर्डन यांजसह मिळालें. सर्व लेख आंत आहे एवढ्यावरूनच पेशीस मनुष्याचा मान द्यावयाचा तर रोज स्नानाच्या वेळीं आपण किती हत्या करतों याचा हिशेब ठेवावा लागेल.

तेव्हां भेद लेखांत नाहीं. वाचनांत आहे. कोणती पेशी त्या लेखांतला कोणता भाग वाचते व त्याबरहुकूम कोणतीं प्रथिनें किती करते, यावर ती कातडी कीं मज्जा कीं मूलपेशी हें ठरतें. हें वाचन दोन पायऱ्यांनीं होतें. आधीं मूळ लेखांतल्या उताऱ्याची नक्कल निघते. तिला संदेशवाहक आर.एन.ए. म्हणतात. मग त्या नकलेवरून रायबोझोम नांवाचें सूक्ष्म यंत्र सरकत जातें व तीन तीन अक्षरें वाचून अमिनो आम्लांची माळ ओंवतें. हीच माळ म्हणजे प्रथिन. (या यंत्राची रचना उलगडल्याबद्दल २००९ चें नोबेल पारितोषिक ज्या तिघांस मिळालें त्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयांत शिकलेले व्यंकटरामन् रामकृष्णन् होते.) पुष्कळ वर्षें शास्त्रज्ञ नकलांची मोजदाद करीत व तीवरून पेशीच्या कामाचें अनुमान बांधीत, कारण नकला मोजणें सोपें होतें. पण वाण्याच्या यादीवरून पंगतींत कोणाच्या पानांत काय पडलें हें जसें सांगतां येत नाहीं, तसेंच हें अनुमान वारंवार चुके. कांहीं नकला सारख्या वाचल्या जातात, कांहीं तशाच पडून राहतात.

प्रत्यक्ष वाढप मोजण्याची युक्ति २००९ मध्यें निकोलस इंगोलिया, जोनाथन वाइसमन व त्यांचे सहकारी यांनीं यीस्टवर प्रसिद्ध केली. ती मला इतकी आवडली कीं तिच्यासाठीं थोडी जागा घेतल्यावांचून राहवत नाहीं. वाशीहून पनवेलकडे जाणाऱ्या लोहमार्गाची कल्पना करावी. सकाळीं ठीक नऊ वाजतां एका इशाऱ्यानें सर्व गाड्या जेथल्या तेथें थांबवाव्या. मग ज्या रुळावर गाडी उभी नाहीं तो सर्व रूळ तोडून टाकावा. गाडीखालचा तुकडा तेवढा गाडीच्या आश्रयानें वांचतो. असे सारे तुकडे गोळा करून प्रत्येक तुकडा मूळ मार्गावर कोठला होता तें ओळखावें. जेथले तुकडे पुष्कळ मिळाले तेथें गाड्यांची दाटी, जेथला एकही मिळाला नाहीं तेथें गाडी नाहीं. पेशींत हेंच करतात. एका औषधानें सर्व रायबोझोम जागच्या जागीं खिळवतात, एका विकरानें आर.एन.ए.चा उघडा भाग कापून टाकतात, आणि रायबोझोमच्या पोटाखालीं सुमारें तीस अक्षरांचा जो तुकडा वांचतो तो वाचून काढतात. कोट्यवधि तुकडे एका वेळीं वाचणारीं यंत्रें आतां उपलब्ध असल्यामुळें संपूर्ण जनुकसंचावर कोणत्या क्षणीं कोठें काम चालू होतें याचें चित्र मिळतें.

२०१० मध्यें ही रीत सस्तन प्राण्यांच्या पेशींवर आली, आणि २०११ मध्यें इंगोलिया, लारो व वाइसमन यांनीं ती उंदराच्या भ्रूणमूलपेशींवर चालविली. तेथें त्यांनीं दुसरें एक औषध वापरलें. त्यानें धांवत्या गाड्या अडत नाहींत. फक्त नव्या गाड्या सुटण्याच्या जागींच अडून बसतात. पुढें गेलेल्या गाड्या किती वेळांत मार्ग मोकळा करतात तें पाहून वेग काढतां येतो. तो सेकंदास सुमारें ५.६ अमिनो आम्लें निघाला, आणि निरनिराळ्या वर्गांतील प्रथिनांना तो बहुधा सारखाच होता. चारशें अमिनो आम्लांचें प्रथिन या हिशेबानें सव्वा मिनिटाच्या आंत ओंवून होतें. ज्या पेशींना आम्ही "पडून आहेत" म्हणतों त्यांच्या पोटांत ही धांवपळ चाललेली असते. (गोठलेल्या भ्रूणांत अर्थात् ती नसते. तेथें रसायनही झोंपलेलें असतें; परंतु संशोधनासाठीं न्यावयाचे म्हणजे त्यांना आधीं जागें करावयाचें असतें.)

सुटण्याच्या जागा पाहिल्या तेव्हां मात्र सर्वांस चकित व्हावें लागलें. प्रथिनाचा पाठ अमुक तीन अक्षरांपासूनच सुरू होतो असें आम्ही वर्गांत फळ्यावर लिहून देत असूं. येथें पुष्कळ ठिकाणीं त्याहून एखादें अक्षर निराळें असलेल्या जागेपासूनही वाचन सुरू होत होतें. मुख्य पाठाच्या आधींचे लहान लहान उतारे वाचले जात होते. एकाच नकलेवर दोन दोन, तीन तीन आरंभ होते. म्हणजे वेळापत्रकांत ज्यांचें नांव नाहीं अशा थांब्यांवरून गाड्या सुटत होत्या. मूलपेशी आपलें मूलपण सोडून पुढच्या अवस्थेस जाऊं लागल्या कीं या आरंभांचा मेळ बदले, आणि त्या लहान उताऱ्यांचें वाचन मंदावे. लेख तोच राहून वाचनाची तऱ्हा पालटली. सांख्य व नैयायिक दोघांनींही याचा विचार करावा असें हें दृश्य आहे. माती कुंभाराची वाट पाहत निश्चल पडलेली नाहीं आणि घट आंत तयारही नाहीं. माती स्वतःच हात चालवीत आहे, आणि ती कशी चालवील हें सभोंवारच्या स्थितीवर अवलंबून आहे.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कांहीं आर.एन.ए. असे आहेत कीं त्यांवरून प्रथिन होत नाहीं असा पूर्वींचा समज होता. त्यांवरही रायबोझोम बसलेले आढळले, तेव्हां त्यांपासूनही प्रथिनें होत असावींत असें कांहींना वाटलें. २०१३ मध्यें अभ्यासकांनीं दाखविलें कीं बसलेला रायबोझोम हा खरें प्रथिन करीतच असेल असें नाहीं. हें पटण्यास मला फारसा वेळ लागला नाहीं. सरकारी कचेऱ्यांत पुष्कळ खेपा घातलेल्या कोणाही गृहस्थास, खुर्चींत कोणी बसला आहे एवढ्यावरून काम चाललें आहे असें अनुमान काढण्याची संवय राहिलेली नसते.

दुसरी सावधगिरी अधिक खोल आहे. ज्या औषधानें रायबोझोम थांबवितात तें औषधच त्यांची मांडणी थोडी बिघडवितें, असें यीस्टवरील पुढील प्रयोगांत आढळून आलें. इशारा होतांच सर्व गाड्या एकदम थांबल्या नाहींत. कांहीं थोड्या पुढें सरकल्या. म्हणून आतां कित्येक जण औषध न वापरतां पेशी एका क्षणांत गोठवून टाकतात. कसेंही केलें तरी एक गोष्ट टळत नाहीं. काम मोजावयाचें तर काम थांबवावें लागतें, आणि ज्या पेशीचें काम मोजलें ती पुन्हां कामाला लागत नाहीं. मीं हें पुतणीस सांगितलें तेव्हां ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनें विचारलें, "त्यांना कळतें का कांहीं?" मीं ठामपणें नाहीं म्हणून सांगितलें. पांच दिवसांच्या भ्रूणांत मज्जातंतूचा मागमूस नसतो. ती म्हणाली, "तें मलाही ठाऊक आहे. थांबवणाऱ्याला कळतें का, असें विचारत होतें मी." या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही शास्त्रीय निबंधांत मला मिळालें नाहीं.

जांवईबापूंच्या बाजूचा आणखी एक पुरावा तपासावा म्हणून मी रक्ताच्या मूलपेशींकडे वळलों. मूलपेशी आळशी असतात अशी एक समजूत आहे, आणि आंकडे पाहिले तर तिला आधारही सांपडतो. शॉन मॉरिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ मध्यें उंदराच्या अस्थिमज्जेंतील पेशींची प्रथिननिर्मिति मोजली. रक्ताच्या मूलपेशी त्यांच्यापासून झालेल्या बहुतेक इतर पेशींपेक्षां तासाला पुष्कळच कमी प्रथिन करतात असें त्यांना आढळलें. पण मग त्यांनीं हा वेग बदलून पाहिला. एका जनुकदोषानें तो वाढला तेव्हां मूलपेशींचें सामर्थ्य ढासळलें. दुसऱ्यानें तो कमी झाला तेव्हांही ढासळलें. म्हणजे जें मंद काम आपणांस आळस वाटतें तें राखून ठेवलेलें माप आहे. आमच्या लहानपणीं घरांत आजी दूध तापवीत बसे. ती कांहीं करीत नाहीं असें आम्हां मुलांस वाटे, आणि ती उठून गेली कीं दूध उतूं जाई.

याप्रमाणें मापनानें दोन्ही पक्षांचा एकेक खांब काढून घेतला. सर्व कांहीं आंत आहे म्हणून तो मनुष्य, हें टिकत नाहीं, कारण सर्व कांहीं सर्वत्र आहे. कांहीं करीत नाहीं म्हणून ती वस्तु, हेंही टिकत नाहीं, कारण ती पुष्कळ कांहीं करते. माझ्या कित्येक विज्ञानप्रेमी मित्रांची येथें चूक होते असें मला नम्रपणें वाटतें. मापन पुरेसें सूक्ष्म झालें कीं कर्तव्यही आपोआप कळेल अशी त्यांची आशा असते. वाईट कारणें खोडण्यास मापनासारखें साधन नाहीं. चांगलें कारण मात्र त्यांतून निघत नाहीं. तें मनुष्यामनुष्यांतील व्यवहारांत शोधावें लागतें. या तीन भ्रूणांबद्दल खरा प्रश्न ते कोण आहेत एवढाच नसून, ज्यांनीं ते दिले त्यांना घेणाऱ्यानें काय सांगितलें आणि सांगितलेलें पाळलें काय, हाही आहे.

या बाबतींत आमच्या नगरीचा इतिहास कांहीं सांगण्यासारखा आहे. वाशींत भारतीय महिला वैज्ञानिक संघाचें मुख्य ठाणें आहे. १९७३ मध्यें हा संघ काढणाऱ्यांत डॉ. कमल रणदिवे प्रमुख होत्या. त्या पुण्याच्या, पूर्वाश्रमीच्या समर्थ, वडील फर्ग्युसनमध्यें जीवशास्त्राचे अध्यापक. १९४९ मध्यें मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन त्या अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेंत पेशीसंवर्धन शिकावयास गेल्या, आणि परत आल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं आपल्या देशांतील पेशीसंवर्धनाचा पाया घातला. त्याच केंद्राची परंपरा आज खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या विस्तीर्ण संशोधनसंस्थेंत चालू आहे. मूलपेशींशींही या परिसराचा संबंध जुनाच. २००१ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेच्या अध्यक्षांनीं त्या वेळीं अस्तित्वांत असलेल्या मानवी भ्रूणमूलपेशींच्या वंशांवरील संशोधनासच सरकारी पैसा मिळेल असें जाहीर केलें. त्या वंशांच्या यादींत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचें नांव होतें, व त्या संस्थेचें केंद्र पुढें रबाळ्यास झालें. परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनेंही 'काइंड' नांवाचे दोन वंश सिद्ध केले.

आतां गे यांच्या प्रयोगशाळेविषयीं. १९५१ मध्यें तेथें हेन्रिएटा लॅक्स नांवाच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदांतील पेशी आल्या. बाई त्याच वर्षीं ऑक्टोबरांत वारल्या. पेशी अजून वाढत आहेत. हेला या नांवानें त्या जगभर गेल्या. गे यांनीं त्यांवर पैसा केला नाहीं, मागेल त्यास त्या दिल्या. त्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. फक्त बाईंना कोणी विचारलें नव्हतें, आणि कुटुंबाला हें कळावयास वीस वर्षांहून अधिक काळ गेला. वर सांगितलेली रायबोझोम मोजण्याची रीत २०१० मध्यें ज्या पेशींवर वापरली गेली त्यांत हेलाच होत्या. २०१३ मध्यें या पेशींचा संपूर्ण जनुकलेख कुटुंबास न विचारतां प्रसिद्ध झाला, गवगवा झाला, तो मागें घेण्यांत आला, आणि त्याच वर्षीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें तो कोणास पाहूं द्यावा हें ठरविणाऱ्या समितींत लॅक्स कुटुंबाच्या माणसांस जागा दिली. बासष्ट वर्षांनीं का होईना, पेशींमागें माणसें आहेत हें कोणी तरी मान्य केलें. त्या पेशी मनुष्य आहेत असें लॅक्स कुटुंबाचें म्हणणें नव्हतें. आम्हांला विचारा, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

आपल्याकडील नियम या दृष्टीनें वाईट नाहींत. मूलपेशी संशोधनासंबंधींच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें मानवी भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवितां येत नाहीं, व संमतीवांचून तो घेतां येत नाहीं. परंतु संमति म्हणजे सही हा जो अर्थ आपल्या व्यवहारांत रूढ झाला आहे, त्याची मला भीति वाटते. पुतणीच्या कागदावर "संशोधन" हा एकच शब्द होता. कोणतें संशोधन, कोणासाठीं, त्यांतून पेशींचा वंश निघाला तर तो किती काळ व कोठें राहील, यांपैकीं कशालाही तेथें ओळ नव्हती.

मीं जें वाचलें होतें तें सर्व तिला एका रविवारीं सांगितलें. गाड्यांचा दृष्टांतही दिला. जांवईबापूंनीं तो लक्षपूर्वक ऐकला व रूळ तोडण्याच्या कल्पनेवर एक अभियांत्रिकी आक्षेप घेतला. वहिनींनीं शेवटीं एवढेंच विचारलें, "मोजून झाल्यावर जें कळतें तें कोणाच्या मुलाबाळांच्या कामीं येतें ना?" येऊं शकतें, केव्हां तें सांगतां येत नाहीं, असें मीं खरें तें उत्तर दिलें. पुतणीनें कागद उलटला व मागच्या कोऱ्या बाजूस आपल्या हातानें चार प्रश्न लिहिले. यांचीं उत्तरें आलीं तर सही करीन, नाहीं तर यंदां भाडें भरीन, असें ती म्हणाली. भाडें भरण्यास अजून अकरा दिवस आहेत. काल सायंकाळपर्यंत उत्तर आलेलें नव्हतें.